बायू टॅपेस्ट्रीचं भरतकाम किट: टाके पहिल्या नंबरचे, पुस्तिका मात्र अगदीच तोकडी

आधी सरळ सांगते, किट घ्या. लोकर चांगली आहे, लिनन चांगलं आहे, टाके समजावलेत ते तर फारच नीट. फक्त सोबतच्या पुस्तिकेत लढाईबद्दल जे लिहिलंय त्यावर विसंबून राहू नका, आणि त्यासाठीच मी एवढं सविस्तर लिहितेय, कारण इथे ठाण्यात आमच्या नौपाड्याच्या भरतकामवाल्या ग्रुपमध्ये माझे फोटो बघून बऱ्याच जणी विचारतायत की घ्यायचं का, कितीला पडलं, आणि त्या चित्रात नक्की चाललंय तरी काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्समध्ये बायू नावाचं गाव आहे, तिथे जवळपास ७० मीटर लांब आणि साधारण अर्धा मीटर उंच अशी लिननची एक पट्टी जपून ठेवलीये, तीच बायू टॅपेस्ट्री, तिच्यावर लोकरीने भरलेली एक अख्खी गोष्ट आहे, १०६६ साली इंग्लंडचा मुकुट हॅरॉल्डच्या डोक्यावरून उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमकडे कसा गेला त्याची. सहाशेच्या वर माणसं, दोनशेच्या आसपास घोडे, जहाजं, कुत्रे, जेवणावळी, आगी, आणि शेवटी हेस्टिंग्जची लढाई. साडेनऊशे वर्षांचं जुनं काम आहे आणि रंग अजून दिसतात. बहुतेक विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो याने करून घेतलं आणि बहुतेक इंग्लंडमध्येच, कँटरबरीच्या आसपास भरलं गेलं असं अभ्यासक मानतात. म्हणजे जिंकलेल्यांनी सांगितलेली गोष्ट आणि भरणारे हात बहुधा हरलेल्या लोकांचे. हे एकदा डोक्यात बसलं ना की सुई हातात घेतल्यावर वेगळंच वाटायला लागतं, मला तरी वाटलं.

आता किट. बाहेरून मागवून इथे विकणारं एक छोटं ऑनलाइन दुकान आहे, त्यांच्याकडून घेतलं. डब्यात येतं ते असं, चित्र छापलेलं लिनन, लोकरीच्या लड्या, मोठ्या नेढ्याच्या दोन टोकदार सुया, टाक्यांचा एक मोठा तक्ता आणि ती पुस्तिका. फ्रेम येत नाही, ती आपली आपण घ्यायची, आणि ताणलेली फ्रेमच घ्या, गोल रिंगमध्ये हे काम नाही होत, कारण लोकरीच्या भरलेल्या भागावर रिंग दाबली की लोकर चपटी होते आणि मग काही केलं तरी परत फुगत नाही. चित्राची उंची मूळच्या साधारण अर्धी आहे, आणि दोन प्रसंग शेजारी शेजारी घेतलेत, डावीकडे इंग्लिश सैन्याची ढालींची भिंत आणि तिच्यावर चालून येणारे नॉर्मन म्हणजे विल्यमचे घोडेस्वार, उजवीकडे हॅरॉल्डचा मृत्यू. खाली किनारसुद्धा दिलीये, हे मला फार आवडलं, कारण स्वस्तातल्या किटमध्ये किनार कापून टाकतात आणि खरी लढाई तर किनारीत आहे, त्यावर पुढे येतेच.

लिननचा पोत एकसारखा आहे, सुई अडकत नाही, कुठे गाठ नाही. छपाईची निळी रेघ मात्र जरा जाड आहे आणि धुतल्यावर पूर्ण जात नाही, त्यामुळे दांडी टाका (स्टेम स्टिच) रेघेच्या बरोब्बर वरूनच घ्यावा लागतो, जरा इकडेतिकडे झाला की निळं डोकावतं. अक्षरांच्या बाबतीत हे जास्त जाणवतं.

टाक्यांबद्दल मात्र मनापासून बोलायचंय. मूळ कामात मुख्यतः दोनच टाके आहेत. रेघा, चेहरे, हातपाय, अक्षरं हे सगळं दांडी टाक्याने, आणि आतला रंग भरायचा तो एका खास पद्धतीने जिला आता बायू टाका असंच म्हणतात. आधी लोकरीचे लांब धागे शेजारी शेजारी आडवे टाकून सगळी जागा भरून घ्यायची, मग त्यांच्यावरून थोड्या थोड्या अंतरावर उभे धागे टाकायचे, आणि मग त्या उभ्या धाग्यांना बारीक बारीक टाक्यांनी जागच्या जागी बांधून टाकायचं. झालं. वाचताना किचकट वाटतं पण एकदा हाताला लागला की इतका भरभर होतो, भरीव टाक्याने तेवढी जागा भरायला घेतली तर दुप्पट वेळ आणि दुप्पट दोरा जाईल. तक्त्यात पायरीपायरीने दाखवलंय, बाण काढलेत, धागा कुठून वर येतो कुठे खाली जातो सगळं. नवशिकी बाईसुद्धा करू शकेल असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या सासूबाई भरतकामाची उलटी बाजू बघितल्याशिवाय कोणाचं कौतुक करत नाहीत, सगळ्या जुन्या बायका तशाच. त्यांनी फ्रेम उलटी केली, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मागे तर काहीच नाही, सगळी लोकर पुढेच राहिली की." तेच तर आहे. धागा मागून परत न नेता पुढच्याच बाजूला वळवायचा, मागे नुसते ठिपके दिसतात. सत्तर मीटर भरायचं म्हणजे लोकर वाचवायलाच हवी होती त्या लोकांना. मग सासूबाईंनी चष्मा लावून हॅरॉल्डच्या चित्राशेजारचा एक घोडा नीट बघितला आणि विचारलं घोडा निळा आणि पाय तांबडे असं का गं. तर हे असंच आहे मुळात, पलीकडच्या बाजूचे पाय वेगळ्या रंगात भरलेत म्हणजे कुठला पाय जवळचा कुठला लांबचा ते कळतं, सावली-बिवली काही न वापरता. फार हुशारीचं काम आहे. विक्रेत्याने हे रंग तसेच ठेवलेत, "खरे" तपकिरी घोडे करून टाकले नाहीत, याबद्दल पूर्ण मार्क.

रंगांवरून आठवलं, मूळ लोकर तीन झाडांपासून रंगवलेली होती, तांबडा मॅडरच्या मुळांपासून म्हणजे आपल्या मंजिष्ठेचीच बहीण, पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून आणि निळा वोडपासून, ज्याच्यात तेच रंगद्रव्य असतं जे आपल्या निळीत असतं. या तिघांच्या मिश्रणातून सगळे हिरवे, करडे, गडद निळे. किटमधली लोकर अर्थातच केमिकल रंगाची आहे पण छटा जुळवल्यात व्यवस्थित, आणि रंग जात नाही, मी एक तुकडा गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवून बघितला.

आता ढालींची भिंत. किटचा हा भाग भरताना मला लढाई जेवढी कळली तेवढी वाचून कधी कळली नसती. इंग्लिश सैन्य सगळं पायी होतं, टेकडीच्या माथ्यावर खांद्याला खांदा लावून उभं, समोर लांबट ढाली एकीवर एक चढवलेल्या. भरायला बसलं की लक्षात येतं की एका ढालीची कड शेजारच्या ढालीखाली जाते, त्यामुळे पुढची ढाल पूर्ण झाल्याशिवाय मागचीचा आकारच ठरत नाही, सुटी अशी एकही ढाल भरता येत नाही. आणि सकाळी साधारण नऊला लढाई सुरू झाली ती अंधार पडेपर्यंत चालली, त्या काळच्या लढाया बऱ्याचदा दोन-तीन तासांत आटपायच्या, ही अख्खा दिवस चालली ती या भिंतीमुळे. दोन्हीकडे प्रत्येकी सात-आठ हजार माणसं असावीत असा अंदाज आहे. विल्यमकडे तिरंदाज, पायदळ आणि घोडदळ असं तिन्ही होतं, हॅरॉल्डकडे मुख्यतः ढाल, भाला आणि त्याच्या खास शिपायांच्या दोन हातांनी चालवायच्या कुऱ्हाडी, ज्या घोड्यालासुद्धा आडवं करायच्या. भिंतीच्या पुढे एकच बारकासा इंग्लिश तिरंदाज काढलाय, चिलखत नाही, टोपी नाही, बाकीच्यांपेक्षा लहान. अख्ख्या पट्टीत इंग्लिशांकडचा तेवढा एकच तिरंदाज आहे. नॉर्मन तिरंदाज मात्र खालच्या किनारीत रांगेने. या एका माणसावर मी जास्त वेळ घालवला आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. इंग्लिशांना मिशा आहेत, नॉर्मनांच्या डोक्याची मागची बाजू भादरलेली, मिश्या एका टाक्याच्या आहेत पण तो एक टाका चुकवू नका, नाहीतर चिलखतात सगळे सारखेच दिसतात आणि कोण कोणाचा कळत नाही.

आणि आता पुस्तिका. चकचकीत कागद, छान फोटो, आणि लढाईबद्दल मोजून चार ओळी, त्यांचा मथितार्थ असा की हॅरॉल्डच्या डोळ्यात बाण लागला आणि इंग्लंड पडलं. एवढं सुंदर किट काढणाऱ्यांनी एवढं उरकलेलं लिहावं याचा मला मनापासून राग आला, कारण हे असं झालंच नाही, किंवा निदान एवढ्यात आटपण्यासारखं झालं नाही.

मुकुटाचं भांडण जानेवारीत सुरू झालं. एडवर्ड राजा ५ जानेवारी १०६६ ला वारला, मूलबाळ नव्हतं, दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्डला राज्याभिषेक. तिकडे विल्यमचं म्हणणं की एडवर्डने गादी मला कबूल केली होती आणि हॅरॉल्डने स्वतः माझ्यासमोर पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घेतलीये. पट्टीत ती शपथ मोठ्या थाटात दाखवलीये, कारण सगळी गोष्ट त्या शपथेवर उभी आहे, शपथ मोडली म्हणून शिक्षा झाली असं नॉर्मनांना सांगायचंय. एप्रिलमध्ये शेंडे नक्षत्र दिसलं, हॅलेचा धूमकेतू, तोही पट्टीत आहे, लोक बोटं दाखवून बघतायत. हॅरॉल्ड अख्खा उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर फौज घेऊन विल्यमची वाट बघत बसला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शिधा संपला म्हणून त्याला माणसं घरी पाठवावी लागली. आणि नेमका तेव्हाच उत्तरेकडून नॉर्वेचा राजा हॅराल्ड हार्डराडा उतरला, सोबत कोण तर हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच होते का. २० सप्टेंबरला यॉर्कजवळच्या फुलफर्डला उत्तरेचे इंग्लिश सरदार हरले. मग हॅरॉल्ड लंडनहून यॉर्कला गेला, जवळपास ३०० किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून कराड जेवढं साधारण तेवढं, चार-पाच दिवसांत फौजेसकट, आणि २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला त्याने नॉर्वेवाल्यांना असं झोडपलं की दोघेही मेले, हार्डराडा आणि टॉस्टिग, तीनशेच्या आसपास जहाजं घेऊन आले होते असं म्हणतात, परत जायला चोवीस पुरली.

तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिणेला पेव्हन्सीला उतरला. घोडे होड्यांत भरून आणले होते. वाऱ्याची वाट बघत तो पलीकडे अडकून पडला होता आणि वारा फिरला तो नेमका अशा वेळी की किनाऱ्यावर अडवायला कोणीच नव्हतं. हॅरॉल्ड परत तेवढंच अंतर खाली आला, लंडनला थोडेच दिवस थांबला, अजून माणसं जमायची होती तरी निघाला, आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या टेकडीवर उभा राहिला. माझं मत विचाराल तर ही लढाई त्या रस्त्यावर बरीचशी ठरली होती. यॉर्कला पडलेली, जखमी झालेली, मागे राहिलेली त्याची उत्तम माणसं त्या टेकडीवर असती तर संध्याकाळी चित्र वेगळं असतं असं मला वाटतं. तरी ते दिवसभर टिकले, हे विसरू नका.

आणि भिंत फुटली कशी, हे तर पुस्तिकेत नावालाही नाही. सकाळी नॉर्मनांचे हल्ले चढावर थकले, त्यांच्या डाव्या बाजूचे ब्रेटन लोक, म्हणजे फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातून आलेले विल्यमचे साथीदार, पळायला लागले, विल्यम मेला अशी अफवा उठली, तेव्हा त्याने शिरस्त्राण वर करून सगळ्यांना चेहरा दाखवला, हा प्रसंग पट्टीत आहे आणि मला वाटतं सगळ्यात जिवंत प्रसंग तोच. पळणाऱ्यांच्या मागे काही इंग्लिश माणसं भिंत सोडून टेकडीखाली धावली आणि मोकळ्यावर घोडेस्वारांनी त्यांना गाठून कापलं. मग नॉर्मनांनी मुद्दाम पळायचं नाटक करून तेच परत घडवलं असं विल्यमच्या बाजूचे लिहिणारे सांगतात, ते खरंच नाटक होतं की आधी पळाले आणि नंतर युक्ती म्हणून सांगितलं यावर अभ्यासक अजून वाद घालतायत. काहीही असो, प्रत्येक वेळी भिंत थोडी पातळ झाली. हॅरॉल्डचे दोन भाऊ गर्थ आणि लिओफवाइन मारले गेले. राजा पडला तो अगदी शेवटी. ढाली भरून झाल्यावर हे वाचा म्हणजे अंगावर येतं.

बाणाचं तर वेगळंच प्रकरण आहे आणि किटवाल्यांनी इथे सरळसरळ चूक केलीये. चित्रात दोन माणसं आहेत. एक उभा, डोक्याशी आलेला बाण हाताने धरलेला, आणि त्याच्या उजवीकडे एक कोसळणारा, ज्याला घोडेस्वार तलवारीने मांडीवर मारतोय. वर लॅटिन अक्षरं, हॅरॉल्डचं नाव पहिल्याच्या डोक्यावर येतं आणि मारला गेला हे शब्द दुसऱ्याच्या डोक्यावर. मग राजा कोण? पहिला की दुसरा की दोन्ही तोच, आधी बाण लागला मग तलवारीने मारला? पुढचं म्हणजे अठराव्या शतकात या पट्टीची जी चित्रं काढली गेली त्यांत पहिल्याच्या हातात पिसंवाला बाण दिसत नाही, भाल्यासारखी साधी काठी दिसते, पिसं नंतरच्या दुरुस्तीत आली असं बरेच अभ्यासक मानतात. आणि दुसऱ्या माणसाच्या डोक्याजवळ कापडात जुन्या सुईची भोकं आहेत, म्हणजे तिथेही कधीतरी काहीतरी भरलेलं होतं. विल्यमचा स्वतःचा धर्मगुरू होता, विल्यम ऑफ पॉइटिये, त्याने लढाईचं एवढं रसभरीत वर्णन लिहिलंय पण बाणाबद्दल अवाक्षर नाही, आणि जवळपास त्याच काळातलं एक लॅटिन काव्य सांगतं की चौघा स्वारांनी राजाला घेरून तोडलं.

किटमध्ये मात्र बाण ठळक तांबड्या लोकरीने भरायला सांगितलाय, पिसांसकट, आणि दुसऱ्या माणसाचं नाव तक्त्यात नुसतं "सैनिक". हे चुकीचं आहे. मी बाण भरला तो करड्या धाग्याने, एकेरी, पिसं न काढता, तुम्हीही तसंच करा असं सुचवेन, दिसतोही जास्त चांगला.

आता खालची किनार. राजा मरतोय त्याच्या बरोब्बर खाली माणसं मेलेल्यांच्या अंगावरची चिलखतं ओढून काढतायत, डोक्यावरून सदरा काढावा तशी, आणि खाली उघडी प्रेतं. कोणी तलवारी गोळा करतंय, कोणी ढाली. ज्याने हे काढलं आणि जिने किंवा ज्याने हे भरलं त्यांनी वर राजांची गोष्ट सांगितली आणि खाली हे ठेवून दिलं. किटवाल्यांनी ती माणसं उघडीच ठेवलीत, हे मी मुद्दाम सांगतेय कारण नेहमी असं होत नाही. १८८५-८६ मध्ये इंग्लंडच्या लीक गावातल्या बायकांनी एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकाराने या अख्ख्या पट्टीची हुबेहूब प्रत भरली, पस्तीसच्या आसपास बायका, वर्षभराच्या आत-बाहेर, ती आता रेडिंगच्या म्युझियममध्ये आहे. त्यांना नक्कल करायला जी चित्रं मिळाली होती त्यांत उघड्या माणसांना आधीच चड्ड्या चढवलेल्या होत्या, मग प्रतीतही तशाच आल्या. पण त्या बायकांनी एक फार मोलाची गोष्ट केली, प्रत्येकीने आपण भरलेल्या तुकड्याखाली आपलं नाव भरलं. मूळ पट्टीत भरणाऱ्या कोणाचंच नाव नाही. आणि त्यांची लोकर रंगवली ती एलिझाबेथबाईंचे यजमान थॉमस वॉर्डल यांनी, ज्यांनी आपल्याकडच्या टसर रेशमावर आणि इथल्या रंगांवर कितीतरी वर्षं काम केलं होतं. हे सगळं पुस्तिकेत यायला हवं होतं ना, किट घेणाऱ्या तर भरणाऱ्याच आहेत. मी माझं नाव किनारीच्या कोपऱ्यात मराठीत भरलंय, तुम्हीही भरा.

तक्रारी म्हणाल तर गडद निळी-काळी लोकर कमी पडते. अक्षरं आणि सगळ्या बाह्यरेषा त्याच रंगात आहेत आणि दोनच लड्या दिल्यात, माझ्या शेवटच्या दोन शब्दांना पुरली नाही. दुकानाला मेसेज केला, उत्तर नीट आलं, लोकर पाठवलीही, पण बराच वेळ गेला, तोवर काम अडून राहिलं. इथे ठाण्यात ती मिळेल म्हणून स्टेशनकडची आणि राम मारुती रोडवरची दोऱ्या-लेसची दुकानं फिरले, सगळीकडे स्वेटरची ॲक्रिलिक लोकर, ती जाड आणि चकाकणारी, शेजारी लावली की लगेच वेगळी कळते. घाई असेल तर खऱ्या लोकरीची चार पदरी लडी घ्या, पदर सोडवा आणि एकेक पदर वापरा, पीळ सैल होतो म्हणून धागा हातभरच कापा. काश्मिरी क्रुएलचे म्हणजे लोकरीच्या भरतकामाचे पडदे आणि उशांचे अभ्रे विकणारे लोक प्रदर्शनात येतात त्यांना विचारलंत तर तेही कधी कधी लोकर देतात, ती अगदी या कामाच्या जाडीची असते.

दुसरं म्हणजे पावसाळा. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडी ठेवली की लिनन ओल धरतं आणि फ्रेमवर सैल पडतं, रोज काम सुरू करायच्या आधी परत ताणून घ्यावं लागतं, नाहीतर ते लांब आडवे धागे ढिले पडून उचलले जातात. आणि लोकरीला कसर लागते, काम बंद असताना जुन्या सुती साडीत गुंडाळून कडुनिंबाची वाळलेली पानं घालून ठेवा, डांबराच्या गोळ्या नका घालू, वास जात नाही. फ्रेम करायला देताना काच कापडाला टेकणार नाही एवढी जागा सोडायला सांगा, आमच्या इथल्या फ्रेमवाल्याने मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून छान केलं.

किंमत फ्रेम सोडून साडेचार हजारांच्या आसपास पडली. महाग वाटेल, पण मॅटीवरच्या तयार क्रॉस-स्टिचच्या छापील चित्रांना लोक दोन-अडीच हजार देतातच आणि त्यातून हाताला नवीन काही शिकायला मिळत नाही, इथे एक अख्खा टाका शिकायला मिळतो जो पुढे कुशन, पिशवी, पडदा कशावरही चालतो. शाळकरी मुलांसाठी नको, चित्रात मुंडकी, हातपाय तुटलेले आहेत आणि कामही चिकाटीचं आहे. कॉलेजच्या पोरांना मात्र द्या. माझा भाचा इतिहासाचा विद्यार्थी, आधी नुसता बघायला बसायचा, मग म्हणाला मावशी एक ढाल मला दे, आणि ती ढाल त्याने इतकी नीट भरली की मी तशीच ठेवलीये.

पुढे काय झालं तेही पुस्तिकेत नाही म्हणून सांगून टाकते. विल्यमचा राज्याभिषेक त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबेत झाला, आत लोकांनी जयजयकार केला तो बाहेरच्या पहारेकऱ्यांना दंगल वाटला आणि त्यांनी आजूबाजूची घरं पेटवली. लढाईच्या जागी त्याने मठ बांधला, हॅरॉल्ड पडला तिथे मुख्य वेदी. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, अख्ख्या देशातल्या जमिनीची नोंद झाली, डूम्सडे बुक, तोवर मोठ्या इंग्लिश जमीनदारांपैकी जवळपास कोणी उरलं नव्हतं. पट्टीचा शेवटचा तुकडा हरवलाय, आता ती पळणाऱ्या इंग्लिशांवर संपते. कोणी लंडनला जाणारं असेल तर ही मूळ पट्टी सप्टेंबर २०२६ पासून जुलै २०२७ पर्यंत ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवणार असल्याचं जाहीर झालंय.

आणि दुकानवाल्यांना एक विनंती, मी त्यांना मेसेजमध्येही लिहिलीये. लढाईच्या थोडंसं आधी पट्टीत एक घर जळतंय, दोन माणसं मशाली लावतायत, आणि खाली एक बाई लहान मुलाचा हात धरून बाहेर पडतेय. अख्ख्या पट्टीत शेकड्यांनी पुरुष आणि बायका मोजक्याच, त्यातली ही एक. तिला नाव नाही, राजा कोण झाला तरी तिचं घर जळालं ते जळालंच. पुढचं किट त्या प्रसंगाचं काढा, ज्वाळा दांडी टाक्याच्या, घर बायू टाक्याचं, मध्यम आकारात, आणि काळी लोकर तीन लड्या द्या. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या तरी घेतील.